लोखंडी पट्ट्यांचा पूल

४ जानेवारी, रविवार

...आणि ओटा पुसता पुसता दूध उतू गेलं. बाहेरून यांची हाक — "अगं, रॉकेल कुठं ठेवलंस?" मी आतून, "जिथं तुम्ही ठेवलंत तिथं!" मग जिन्याखाली बराच वेळ खुडबुड. मी कपडे वाळत घातले, दोघांचे डबे भरले आणि ओल्या हातानंच अंगणात गेले. यांनी माझ्या गाडीची चेन रॉकेलनं धुऊन तेल दिलं होतं. मी यांच्या गाडीचे ब्रेक, दिवे, टायरची हवा बघितली.

आपली गाडी आपण तपासायची नाही, एकमेकांची तपासायची. मी गाडी शिकले त्याच वर्षी ठरलेला नियम. हे म्हणायचे, आपल्या भाजीत मीठ कमी पडलंय हे आपल्याला सगळ्यांच्या शेवटी कळतं.

नोव्हेंबरातल्या त्या शेवटच्या सकाळी सगळं चोख होतं. ब्रेक घट्ट, टायर नवे. लोक अजून विचारतात म्हणून लिहिते — गाडीत काही नव्हतं!

आज माझी चेन मीच धुतली. पुसून झाल्यावर परत पुसली. तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहिलं.

७ जानेवारी

भोंगा येऊन गेला. आमच्या दुचाकीस्वार संघटनेचा सेक्रेटरी. या माणसाला हळू बोलता येत नाही. नोव्हेंबरात हे गेले तेव्हा सांत्वनाला आला, तर सगळ्या गल्लीचं सांत्वन करून गेला.

आज मात्र पुटपुटत होता. तेव्हाच समजले, काहीतरी वाईट आहे.

रस्ते खातं नदीवरच्या पुलावर दुचाकींना बंदी घालणार. कायमची. वीस तारखेला सुनावणी.

"आणि वहिनी, बंदीसाठी अर्ज कुणी दिलाय..." पुढं बोलेना. भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहिला. यांच्या फोटोकडं नाही, शेजारच्या.

लेकीनं दिलाय.

८ जानेवारी

झोप नाही.

पुलाच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या आहेत. चारचाकीला त्या कळतही नाहीत. दोन चाकांवर असलं, आणि पट्टी ओली असली, की साबणावरून गेल्यासारखं. संघटना वर्षानुवर्षं एवढंच मागत आली — पट्ट्यांवर खरखरीत थर द्या आणि अलीकडे एक फलक लावा. यांनी किती अर्ज लिहिले! नियमांची जाडजूड पुस्तकं मी वाचायची. शाळा सातवीत सुटली माझी, शेजारी शब्दकोश घेऊन बसायची. हे ऐटीत लोकांना सांगायचे, "आमच्या वकिलीणबाईंना विचारा."

बंदी आली तर रात्रपाळीच्या नर्सबाई, दूधवाले, गिरणीतली माणसं — सगळ्यांना टेकडीचा वळसा. तो रस्ता पुलापेक्षा वाईट.

मला ठाऊक आहे. नोव्हेंबरापासून मी तिकडूनच जाते. पुलावर गाडी घालायला हात धजत नाही.

११ जानेवारी

लेक आली. येताना माझ्या गुडघ्याचं तेल आणलं. मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला नियम वाचून दाखवले असतेस."

खरं आहे.

"अगं, चूक पट्ट्यांची आहे. लोकांनी कामावर कसं जायचं?"

"लोकांचं मला काय करायचंय? एक माणूस गेला माझा. एकच उरलंय. आणि ते साठीला आलं तरी हेल्मेट घालून हिंडतंय!"

हसायला आलं मला. तिला नाही आलं.

मग म्हणाली, "तू संघटनेच्या बाजूनं बोललीस, तर मी समजेन की तुला माझ्यापेक्षा गाडीच जास्त आहे."

तेल टेबलावर ठेवून गेली. जेवली नाही.

१३ जानेवारी

कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते.

त्या दिवशी धुकं होतं. हे पुढं, मी मागं. नेहमीसारखं. पुढच्यानं रस्त्यातला धोका मागच्याला पाय काढून दाखवायचा, ही स्वारांची रीत. खडी, तेल, खड्डा — ज्या अंगाला धोका, त्या अंगाचा पाय खाली सोडायचा. इतकी वर्षं यांचा पाय बघून मी गाडी चालवली. रस्ता बघायची गरजच नसायची.

पुलावर यांनी उजवा पाय काढला. म्हणजे, पट्टी ओली आहे, सांभाळ.

मी सांभाळलं. वेग कमी केला.

यांची गाडी सरकली. ज्या पायानं ब्रेक दाबायचा, तोच पाय मला दाखवण्यात गुंतला होता.

माझं चाक त्याच पट्टीवरून गेलं. हळू गेलं. मी पडले नाही.

१६ जानेवारी

भोंग्याचा फोन. "वहिनी, तुम्ही नाही आलात तरी कुणी एक शब्द बोलणार नाही." हे इतक्या मोठ्यानं, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

जाईन की नाही, माहीत नाही. लेकीला फोन केला. उचलला नाही.

२० जानेवारी

गेले.

मोठी खोली, लांब टेबल, पंखा कुरकुरणारा. मधे साहेब, उजवीकडे खात्याचे इंजिनिअर. आम्ही एका बाजूला, लेक समोरच्या. तिनं तिच्या वडिलांचं घड्याळ घातलं होतं. मनगटावरून खाली घसरत होतं, ती वर सारत होती.

इंजिनिअर म्हणाले, पट्ट्यांचा दोष नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याची साक्ष आहे — पडण्याआधी स्वारानं पाय हवेत सोडला होता. "इतका अनुभवी माणूस धावत्या गाडीवर पाय का काढेल? स्टंटच म्हणायचा." मागं कुणीतरी हसलं.

मी उठले. बोलायचं लिहून नेलं होतं, ते पिशवीतच राहिलं.

"साहेब, स्टंट नव्हता. मी मागं होते. पुढं पट्टी ओली आहे हे मला दाखवायला त्यांनी पाय काढला. आम्ही स्वार असंच दाखवतो. पुलाच्या अलीकडे फलक असता तर दाखवावं लागलं नसतं. जो फलक तुम्ही लावायचा, तो त्यांनी पायानं दाखवला."

साहेब लिहून घेऊ लागले.

"बंदी घातलीत तर पट्ट्या तशाच राहतील आणि आमची चूक होती असं ठरेल. त्यांची चूक नव्हती. इतकंच."

खाली बसले. समोर बघितलं. लेक माझ्याकडं एकटक बघत होती. पाय का काढला, हे तिला ठाऊक नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं.

बाहेर येईपर्यंत ती निघून गेली होती.

२१ जानेवारी

फोन नाही.

२ फेब्रुवारी

निकाल आला. बंदी नाही! पट्ट्यांवर खरखरीत थर आणि दोन्ही टोकांना फलक, महिन्याच्या आत. भोंगा दारातच ओरडला, "वहिनी, जिंकलो!" समोरच्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं, "कोण जिंकलं?"

तो गेल्यावर यांच्या फोटोला सांगितलं. मग भांडी घासली. घासता घासता रडले. जिंकल्याचं सांगायला एकच माणूस होता आणि एकच आहे. एक ऐकत नाही, दुसरी बोलत नाही.

१४ फेब्रुवारी

पुलाचं काम सुरू झालं म्हणे. मी वळशानंच गेले.

२८ फेब्रुवारी

पुलाचं काम झालं. फलकही लागले. संघटनेची पोरं जाऊन बघून आली, म्हणाली, आता चाक हलत नाही.

संध्याकाळी लेक आली. न सांगता. चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात येऊन भाजी निवडायला बसली. मीही बसले. बराच वेळ दोघी देठ मोडत होतो.

"बरोबर बोललीस तू," ती म्हणाली. "माझा अर्ज चुकला. बाबा असते तर रागावले असते."

"रागावले नसते. अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या."

हसली. किती दिवसांनी! मग हसता हसताच तोंड फिरवलं आणि हातातली जुडी घट्ट धरून बसली. पाठ माझ्याकडं. तशीच म्हणाली,

"आई, बाबा तुला पाय काढून दाखवायचे. आता तुझ्यापुढं कोण असतं?"

मी निवडलेली भाजी धुवायला घेतली. इतके नियम पाठ आहेत, त्यांत याचा नियम नाही.

रात्री जेवून गेली.

१ मार्च

सकाळी गाडी पुलावरून नेली. पट्ट्यांवर चाक हललं नाही. पलीकडच्या गाडी दुरुस्तीवाल्या मिस्त्रीला गाडीची चावी दिली, म्हटलं, चांगलं गिऱ्हाईक बघा. परत बसनं आले.