ताईच्या एकशे चाळीस ओळी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशननंतर पाठ कशी आहे? मावशीने तुझा लॅपटॉप कपाटात कोंडला आणि फोनही काढून घेतला, हे ऐकून बरं वाटलं. नाहीतर टाक्यांसकट कामाला बसली असतीस. म्हणून हा कागद-पेनाचा खटाटोप.

आता राग येईल असं सांगतो, पाठ टेकून वाच. आपल्या ऑफिसात साहेबांनी तुझ्या एआय मदतनीसाची मेमरी उघडली. कोड लिहिताना तुला काय हवं, काय नको, हे दोन वर्षं तू त्याला एकेक करून सांगितलंस. त्या एकशे चाळीस ओळी त्यांनी उचलल्या, तुझं नाव पुसलं आणि आम्हा सहाही जणांच्या मदतनीसांत ओतल्या. वर 'आपली कार्यपद्धती' असं नाव दिलं. शिवाय मीटिंगमध्ये मोठ्याने वाचल्या. 'मी चिडून मेल लिहायला लागले तर मला थांबव' या ओळीला सगळे हसले. 'माझ्या भावाचा कोड दोनदा तपास' ही आली तेव्हा माझ्याकडे बघून हसले. त्याचा जाब भेटल्यावर विचारीन.

मावशीला नमस्कार. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाठ टेकून वाचायला घेतलं आणि ताडकन उठून बसले. मावशीची बोलणी खाल्ली ती साहेबांच्या नावावर.

अरे, त्या ओळी म्हणजे नियम नाहीत, माझ्या खोडी आहेत! मला उत्तर थोडक्यात लागतं, कारण आपलं सॉफ्टवेअर मला तोंडपाठ आहे. नव्या माणसाला सगळं उलगडूनच सांगायला हवं. दुसऱ्याचा चष्मा लावून कोणाला नीट दिसलंय? काही ओळी तर मी एखाद्या कामापुरत्या लिहून नंतर पुसते, हे मलाच ठाऊक. एका शब्दाने विचारायचं होतं. मी आजारी आहे, मेले नाही. साहेबांना सांग, आधी ते सगळं काढा.

तुझा कोड दोनदा तपासायला सांगितला, कारण एकदा तपासून भागत नाही. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप साहेबांना दिला. बघू म्हणाले आणि विसरले. परवा आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डातून फोन आला. औषधाचं प्रमाण काढणाऱ्या आपल्या स्क्रीनवर मुलाचं वजन भरलेलंच नव्हतं, तरी प्रमाण आलं, आणि तेही मोठ्या माणसाचं. सिस्टरला आकडा खटकला, तिने औषध दिलं नाही. मूल वाचलं ते तिच्यामुळे, आपल्यामुळे नाही. वजनाची अट आम्ही तासाभरात परत बसवली.

ती स्क्रीन नव्या बाईंनी नुकतीच नव्याने लिहिली होती. बारा वर्षं घर सांभाळून त्या पुन्हा नोकरीत आल्यात. साहेब भर हॉलमध्ये म्हणाले की इतकी वर्षं घरी बसलं की असंच होतं, सोमवारपासून येऊ नका. बाईंनी पर्स उचलली आणि गेल्या.

मग मी मेमरी चाळली. एकशे सतरावी ओळ: 'वजन नसेल तरी पुढे जाऊ दे, मला विचारू नकोस.' तारीख तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. बाईंच्या मदतनीसाने ती पाळली आणि त्यांना कळूही दिलं नाही. ताई, बाईंची नोकरी गेली आणि मी तुझा भाऊ म्हणून तोंड शिवून बसलोय. माझीच मला चीड येते. काय करू ते लगेच कळव.

धाकटा


२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

ती ओळ माझीच. त्या दुपारी खोटे रुग्ण भरून चाचणी घेत होते. दर वेळी वजन भरायचा कंटाळा आला, म्हणून लिहिली. काम संपल्यावर पुसणार होते, तेवढ्यात पाठीत कळ आली आणि मला उचलूनच नेलं. पुसायची राहिली ही चूक माझी. न विचारता सहा ठिकाणी पसरवली ती साहेबांनी. आणि शिक्षा तिसरीलाच? हा कुठला न्याय? दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. ते मूल डोळ्यांसमोरून हलत नाही.

सोबतच्या कागदावर सगळं कबूल करून सही केली आहे. तो हॉलमध्ये, सगळ्यांसमोर वाच. साहेबांच्या खोलीत नाही.

तू गप्प बसलास हे मला आवडलं नाही. माझा भाऊ आहेस म्हणूनच आधी तू बोलायला हवं होतंस. तरी माया आहे तेवढीच आहे.

ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद वाचला. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, शेवटपर्यंत. साहेब म्हणाले की हे खोलीत बोलता आलं असतं. त्याच दुपारी सगळ्यांनी आपापली मेमरी रिकामी केली.

मग साहेबांनी बाईंना बोलावून खोलीत माफी मागितली आणि परत या म्हणाले. बाईंनी शांतपणे सांगितलं, "बोललात ते बाहेर, सगळ्यांसमोर. आतली माफी मला नको." आणि घरी गेल्या.

चार दिवस असेच गेले. काल साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले. चार वाक्यांत माफी मागितली, तीही खिडकीकडे बघत. बाईंनी दाराशी उभ्यानेच ऐकलं. मग आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या, मुलांच्या वॉर्डातल्या त्या सिस्टरला फोन लावला आणि म्हणाल्या की स्क्रीनवर आणखी काय काय खटकतं ते सावकाश सांगा, मी लिहून घेते.

तुझा धाकटा