सतरा तांबे समुद्र

गुंद, ता. जोयडा
माघ वद्य दशमी

चि. दत्तात्रयास अक्काचे आशीर्वाद. हे पत्र खुर्चीत बसून वाचावेस, उभ्याने नव्हे. गुडघा कसा आहे? व्यायाम करून घेणारा माणूस रोज येतो का, की तू त्याला चहा पाजून परत पाठवतोस? चि. मयूरीला आणि जावईबापूंना माझे आशीर्वाद सांग. माझी प्रकृती बरी आहे. तुझा मासा जिवंत आहे. हे इथेच लिहिते, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतोस हे मला लहानपणापासून माहीत आहे.

फोन का केला नाही, असे तू विचारशील. आमच्याकडे रेंज मिळते ती ओढ्यावरच्या पुलावर, आणि तिथे उभे राहून मी तुला दुसरे वाक्य सांगेपर्यंत तू बेळगावहून निघाला असतास, टाके घातलेल्या पायाने. शिवाय फोनवर तू मला मध्येच तोडतोस. कागदावर ती सोय नाही.

तर, पौषात तू कारवारचे घर दुरुस्तीला काढलेस, गुडघ्याचे ऑपरेशन करून लेकीकडे राहायला गेलास, आणि जावयाच्या घरी सामानात मासा नेणे बरे दिसत नाही म्हणून ऐंशी लिटर समुद्र काचेच्या टाकीसकट घाट चढवून माझ्या पडवीत आणून ठेवलास. (बहिणीच्या घरी बरे दिसते, असा मी याचा अर्थ घेतला.) मासा चार बोटांचा. निळ्यावर नारिंगी नक्षी, आणि चालणे असे की पोहायचे कष्ट नकोत म्हणून कुणी तरी ओढत नेते आहे. खाणे फक्त जिवंत किड्यांचे, तेही डोळ्यांना जेमतेम दिसतील असे. जागेवरचा दगड हलला की उपवास. तुझे सूचनापत्र चार पानांचे होते. मी धारवाडला बी.एस्सी. केले तेव्हा प्रात्यक्षिकाची वही त्याहून लहान होती. तरीही मी सर्व सूचना पाळल्या. किडे बरणीत वाढवले, सकाळ-संध्याकाळ खारेपणा मोजून वहीत लिहिला (पस्तीस, रोज पस्तीस), आणि वाफ होऊन पाणी उडते म्हणून काचेवरच्या तुझ्या लाल रेघेपर्यंत रोज तांब्याभर गोडे पाणी घातले. माशाचे कालवण मी हल्ली मागच्या चुलीवर करते. याला काही कारण नाही.

आता मुख्य हकीकत. माघी पौर्णिमेला इथली म्हातारी माणसे टेम्पो करून समुद्रस्नानाला कारवारला उतरतात, हे तुला ठाऊक आहे. दरवर्षी त्यांचे ओले कपडे तुझ्याच गच्चीवर वाळत असत. यंदा तुझे घर उघडे पडलेले, आणि आदल्या दिवशी टेम्पोचा गिअर तुटला. मला त्या दिवशी आधार कार्डावरच्या बोटांच्या ठशांसाठी जोयड्याला बोलावले होते. (माझे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. तीस वर्षे खडू धरल्याचा हा परिणाम.) मी सकाळच्या बसने गेले, घराची किल्ली बाळीकडे दिली. बाळी म्हणजे आपली शेती करणाऱ्या लखूची आई. पंच्याहत्तरी उलटली तरी माझे अंगण झाडायला येते आणि नको म्हटले तर चिडते.

दुपारी चारला परत आले तो अंगणात चिखल. पडवीत पायांचे ठसे, टाकीच्या काचेला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, आणि दाराशी लखूचा मामा झिलू ओल्या डोक्याने, रिकामा तांब्या पायाशी उपडा ठेवून हात जोडून उभा. एकूण सतरा माणसांनी माझ्या अंगणात समुद्रस्नान केले होते, माणशी एक तांब्या. मी टाकीकडे धावले. पाणी बरोबर लाल रेघेवर. मासा दगडाखाली. मी म्हटले, तांब्या-तांब्याने काही कमी झालेले दिसत नाही, आणि हळदीबद्दल चार शब्द सुनावून काच पुसून घेतली. तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाईने पाण्याची पातळी पाहिली आणि पाणी पाहिले नाही. त्या संध्याकाळी खारेपणा मोजला नाही. वहीत ती एकच जागा कोरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासा वाळूवर आडवा होता. नारिंगी रंग उतरून धुतलेल्या फडक्यासारखा झालेला, कल्ले भराभर हलत होते. मोजले तर अठ्ठावीस. मी बाळीला बोलावले.

“बाळी, काल यात काय घातलंत?”

“काय न्हाई अक्का. पानी.”

“कसलं पाणी?”

“काळी नदीचं. फडक्यानं गाळून.” तिने माझ्याकडे असे पाहिले की चूक माझीच. “दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं कसं ठेवायचं? एकानं तांब्या काढला की एक घालायचा. तुमी न्हाई व्हय रोज घालत, रेघेपातुर?”

दत्तू, मी या गावात जन्मभर मुलांना एकच गोष्ट बजावत आले, की घेतलेली वस्तू जिथल्या तिथे भरून ठेवावी. आता त्यांच्या आज्यांना मी काय बोलणार होते? वाफेबरोबर मीठ उडत नाही, तांब्याबरोबर जाते, हे मी तिला शांतपणे समजावले. (शांतपणे, असे मला वाटते. लखू म्हणतो, आवाज ओढ्यापलीकडे गेला.) तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग मीठ टाका की. आमच्याकडं जाडं हाय.”

जाडे मीठ मी टाकले नाही. टाकीसाठी तू दिलेल्या मिठाच्या पिशवीत तळाशी मूठभरच उरले होते. तुझ्या तिसऱ्या पानावर लिहिले आहे की खारेपणा एकदम चढवला तर मासा दगावतो, दिवसाला दोन अंश फार झाले. म्हणून लखूला चार कॅन देऊन पहाटेच्या बसने कारवारला पाठवले. बंदराजवळचे नको, बोटी नसतील तिथले आण, असे बजावले. कंडक्टरने विचारले, कॅनमध्ये काय? लखू म्हणाला, “समुद्र. गावात आजारी हाय.” कंडक्टरने पुढे काही विचारले नाही.

चार दिवस थोडे थोडे पाणी काढून थोडा थोडा समुद्र घातला. बाळी सकाळी येऊन टाकीसमोर पाटावर बसे ती दिवे लागेपर्यंत. बोलायची फक्त त्याच्याशी. “उठ रे बाबा. आमी म्हातारी मानसं, आमाला काय कळतंय? डोस्क्यात राग धरू नगो.” मी तिला घरी जायला सांगितले, तर म्हणाली, माझ्या हातानं झालंय, माझ्या नजरंसमोर बरं होऊ दे. तिने जेवणही सोडले होते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. मग मी ताट वाढून तिच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघी जेवलो, त्याच्याकडे बघत. ही कल्पना पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली, हे मी सतराही जणांना विचारले. सोळा जणांनी बाळीकडे बोट दाखवले. बाळी तोंड उघडत नाही.

पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना ती ओरडली, “अक्का, टोचलं! दगडाला टोचलं!” मी गेले. तो दगडावरचा किडा टिपत होता. एक, मग दुसरा. मी चष्मा काढून पुसला. बाळी पदर तोंडात कोंबून बसली होती. आज वहीत पस्तीस आहे आणि रंग परत आला आहे, डाव्या परावर थोडा फिका.

तुझ्या विश्वासाला माझ्या घरात तडा गेला, याची जबाबदारी मी घेते. पण या घरात हा जीव ठेवणे योग्य नाही. घराचे काम संपताच त्याला घेऊन जावे. तोवर पडवीला कुलूप असते आणि किल्ली माझ्या कमरेला.

तुझी,
अक्का

ता. क. : मासा न्यायला लहान गाडी आणू नकोस. मोठा टेम्पो आण. टाकी मधोमध राहील, आणि भोवती आमची अठरा माणसे बसतील. पौर्णिमा असो वा नसो, खरे स्नान राहिले आहे, असे बाळीचे म्हणणे आहे. तुझ्या गच्चीवर दोऱ्या बांधून ठेव.

दुसरा ता. क. : वर सतरा तांबे लिहिले आहेत. ते अठरा वाचावे. ह्यांना जाऊन चार वर्षे झाली, तेव्हापासून मी समुद्रावर गेलेले नाही. पौर्णिमेला बसची वेळ व्हायच्या आधी मी परसात जाऊन एक तांब्या डोक्यावर घेतला आणि एक तांब्या गोडे पाणी टाकीत भरले. बाळी अंगण झाडत होती. तिने पाहिले, आणि अजून कुणाला सांगितलेले नाही.