देवांच्या भरतीत गेलेल्या मिशीबाबत

प्रति,
मेहेरबान डिप्टी कमिशनर साहेब,
जिल्हा बुलढाणा, यांचे हुजुरास.

अर्जदार : किसनराव रंगराव तेजनकर, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळवाडी, बीबीनजीक.

विषय : अर्जदाराचे वडील हयात असल्याबद्दल हुकूम मिळणेबाबत.

संदर्भ : तहसील कचेरीचा शेरा, "मयताने स्वतः अर्ज करण्याची तजवीज नाही."

महोदय,

१. अर्जदाराने खामगावास तंबूत बोलपट पाहिल्यापासून, त्यात मागे उभ्या राहणाऱ्या मंडळींत का होईना, आपणही असावे अशी त्याची इच्छा होती. पुण्या-कोल्हापूरच्या कंपन्यांस त्याने फोटोसह पत्रे धाडली. एका कंपनीने कळविले की, गर्दीसाठी माणूस टपालाने मागवीत नाहीत. जेथे मुक्काम पडेल तेथे सकाळी जो दारात उभा असेल त्यास घेतात. त्यामुळे गेल्या माघात एक कंपनी लोणारास उतरल्याचे कळताच अर्जदार तिच्या बिऱ्हाडाच्या दारात जाऊन उभा राहिला.

२. कंपनीचे म्यानेजर म्हणाले, "राक्षस भरले. तुमच्या भागात मिशांना तोटा नाही. देव मात्र कमी पडताहेत. मिशी काढता का?" बाप गेल्यावरच मिशी काढावी ही आमच्याकडील रीत अर्जदारास ठाऊक होती. तथापि न्हावी तेथेच वस्तरा परजून बसला होता आणि मागे रांग होती. अर्जदार देव झाला. इंद्राच्या मागे उभे राहून फुले टाकणे व क्यामेऱ्याकडे न पाहणे, एवढेच काम होते. ते अर्जदाराने मन लावून केले.

३. परत येताना बीबीच्या बाजारात आमचे नात्यातील नारायणराव भेटले. अर्जदाराच्या तोंडाकडे पाहून त्यांनी हातातील पिशवी खाली ठेवली व विचारले, "काऊन बे किसन, कधी झालं?" अर्जदारास वाटले, बोलपटाची बातमी यांनाही लागली. म्हणून म्हणाला, "कालच आटपलं." "लई तरास झाला का?" "ऊन होतं. धुपाचा धूर मातर डोळ्यात गेला." "शेवटाले जवळ कोण होतं?" "खुद्द इंद्र होता. साऱ्या देवायनं फुलं टाकली." नारायणरावांनी डोळ्यांस उपरणे लावले आणि "पुण्यवान माणूस" असे म्हणून ते घाईने निघून गेले. अर्जदारास हे आपल्याविषयीच वाटले.

४. दुसरे दिवशी आत्या सुभद्राबाई टाहो फोडीत दारात आल्या व अर्जदाराची आई अन्नपूर्णाबाई हिचे कुंकू पुसू लागल्या. आई त्यांचा हात धरून म्हणाली, "अवो बाई, तुमचा भाऊ तं आत जेवून राह्यला." आत्यांनी आत डोकावून पाहिले. वडिलांनी भाकरी ताटात ठेवली आणि अर्जदाराकडे पाहिले. रात्री ते शेतात राखणीस असल्याने त्यांनी अर्जदाराची मिशी प्रथम तेव्हाच, म्हणजे नसलेली, पाहिली. ते एवढेच म्हणाले, "मी जित्ता असताना?" त्यानंतर ते अर्जदाराशी बरेच दिवस बोलले नाहीत.

५. वडील रंगराव हे गावचे पोलीस पाटील. आमचे भाऊबंद भगवंतराव यांनी दुखवट्यास येण्याआधीच तहसिलीत जाऊन पाटीलकीचा अर्ज दिला, आणि जागा रिकामी राहू नये म्हणून कामचलाऊ नेमणूकही मिळविली. वडील तक्रार घेऊन गेले, तेव्हा वर संदर्भात दिलेला शेरा मिळाला. वारसाने यावे असे सांगण्यात आल्याने अर्जदार गेला. कारकून साहेबांनी जबाब घेतला. मिशी काढली हे खरे काय? खरे. बाप असताना काढतात काय? नाही. जबाब येथेच संपला.

६. पुढे असे सांगण्यात आले की, इसम जिवंत असल्याबद्दल गावच्या पोलीस पाटलाचा दाखला आणावा. आता पाटील भगवंतरावच आहेत. त्यांनी वडिलांस चावडीच्या पायरीवर बसवून, स्वतः वडिलांच्याच चुलतभावाचा मुलगा असून, नाव विचारले व चौकशी चालू असल्याचे लिहून दिले. ज्यांनी साऱ्या गावाच्या जन्ममृत्यूवर सही केली ते वडील त्या दिवशी पायरीवरून उठून घरी न येता सरळ शेतात गेले. अर्जदार मागे गेला. बांधावर बसून ते म्हणाले, "सारे रडले रे. एक भगवंता नाही रडला. तवाच मले समजाले पायजे होतं." अर्जदारास त्यांच्या तोंडाकडे पाहवेना.

७. दरम्यान अर्जदाराची मिशी पूर्ववत वाढली. ती दाखविण्यास तो तहसिलीत गेला असता, मिशी पुन्हा आली यावरून सुतक फिटल्याचे दिसते, असे मत पडले.

८. आता कंपनीचे पत्र आले आहे. देवसभेची फिल्म उन्हाने खराब झाली, सबब देवांनी पुन्हा यावे. अर्जदाराने ते पत्र वडिलांपासून लपविले, परंतु आईने त्यांस सांगितले. वडील म्हणाले, "चाल, मीबी येतो. सरकारच्या लेखी देवाघरी गेलोच हाय, तं तिथलं काम तरी करू." त्याप्रमाणे काल आम्ही उभयता लोणारास जाऊन आलो. म्यानेजरांनी त्यांचा बांधा पाहून त्यांस इंद्राच्या शेजारी उभे केले. अर्जदार मागेच राहिला. परतताना वाटेत वडील आपण होऊन अर्जदाराशी पूर्वीसारखे बोलले आणि, हुजुरांस खोटे वाटेल, हसले.

तरी हुजुरांनी वडिलांस हयात समजून त्यांची पाटीलकी परत देण्याचा हुकूम व्हावा. वडील समक्ष उभे राहतील तेव्हा बिनमिशीचे दिसतील. त्यावरून माझे आजोबा आताच वारले असा समज होऊ नये. ते मागील मोठ्या दुष्काळापूर्वीच वारले असून, त्यांच्या नावे कोणतीही जागा रिकामी नाही.

हुकुमाची वाट पाहत कचेरीबाहेर बसलेला,
आपला नम्र
किसनराव रंगराव तेजनकर
बुलढाणा, ता. ९ मे १९३८

सोबत : वडील, एक. पाहून परत मिळावेत.