खंडेनवमीचं पिस्तूल

१४ ऑक्टोबर २००२, स्टॅनमोर

खंडेनवमी. पाटावर माझ्या नवऱ्याचा, स्वानंदचा लॅपटॉप, माझा स्टेथोस्कोप, विळी — आणि मधोमध आप्पांचं पिस्तूल! बाबांशिवाय, म्हणजे माझ्या सासऱ्यांशिवाय, त्याला कुणी हात लावायचा नाही. नळीत झेंडू खोचायचा मान मात्र उर्वीचा. सहा वर्षांची माझी लेक एक डोळा मिटून आधी आत बघते, मग खोचते.

नंतर दरवर्षीची गोष्ट. बाबांचे वडील, आप्पा, कॅलिफोर्नियात शेतकी शिकायला गेले आणि गवताच्या गाड्यांतून सरहद्दीपार मेक्सिकोच्या बंडखोरांना बंदुका पोचवत बसले. बंडखोरांनी शब्द दिला — तुमची इंग्रजांशी जुंपली की आमच्या बंदुका तुमच्या. त्या काही आल्या नाहीत. निरोप घेताना त्यांच्यातल्या एकानं दिलेलं हे पिस्तूल तेवढं आलं. आणि बाबांनी ते ट्रंकेत दडवून आणलं कुठे, तर इंग्रजांच्याच देशात! धन्य आहे.

२ एप्रिल २००३

रेडिओवर ऐकलं — विनापरवाना हत्यारं महिनाअखेरपर्यंत पोलिसांकडे जमा करा, कारवाई होणार नाही. बाबा म्हणाले, "वरदा, तो दिलेला शब्द आहे. पोलिसांना कसा देऊ?" आणि पेपर उघडला. स्वानंदनं लॅपटॉप! पकडले गेलो तर दोघांच्याही नोकऱ्या जातील, तुरुंग वेगळाच. मला खरंच भीती वाटते.

९ एप्रिल

शेजारच्या सुनेत्राचा डबा परत द्यायला निघाले. बाबांनी थांबवून आत मूठभर साखर घातली. "रिकामं देतात का कधी?" आठवड्यात एवढंच बोलणं.

१६ एप्रिल

अजून नाहीच म्हणतात!

२८ एप्रिल

उर्वीनं शाळेत सांगितलं — "वी प्रे टू अ गन!" टीचर मला हसत हसत सांगत होत्या. मीही हसले. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला पेपर मिटला, म्हणाले, "उद्या जाऊ."

२९ एप्रिल

बाबा कोट-टाय घालून आले. पिस्तूल बिस्किटांच्या डब्यात, रेशमी वस्त्रात. पोलिसानं उघडून पाहिलं आणि एकदम ओरडला, "स्टेप बॅक, प्लीज!"

आत गोळी होती.

३० एप्रिल

नाश्त्याला विचारलं. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो. आप्पांना त्यानं भरूनच दिलं होतं. रिकामं देतात का कधी?"

समोर उर्वी एक डोळा मिटून दुधाच्या रिकाम्या बाटलीत बघत होती. बाबांचं तिकडे लक्ष गेलं. ताडकन उठले आणि तिच्या हातातून बाटली हिसकावून घेतली.