माझा पाय ब्रेकवर नव्हता

२ मार्च, रविवार. दुपारी ४.
कार्यशाळेहून परत. विषय : बायकांनी स्वतःकडे लक्ष कसं द्यावं. बाई छान बोलल्या. म्हणाल्या, रोज लिहा, खोल श्वास घ्या आणि दुसऱ्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करणं सोडा, निम्मी दुखणी पळतील. हॉलमधल्या बऱ्याच जणींना हे लागू होतं. माझ्या शेजारची तर दर दहा मिनिटांनी घरी फोन करून गॅस बंद केला का, विचारत होती. मी तिला म्हटलं, हे टिपून घ्या. तिने घेतलं नाही, म्हणून मीच तिच्या वहीत लिहिलं.

आजपासून मी मोकळी. लिहिणार, श्वास घेणार. ढवळाढवळीचा प्रश्न माझ्या बाबतीत येत नाही, पण तरी करणार नाही.

सुरुवात कन्येपासून. वय सव्वीस, फिजिओथेरपिस्ट. चार तासांवरच्या गावात नोकरी लागली आहे, पेशंटच्या घरोघरी जाऊन व्यायाम घ्यायचे. १ एप्रिलला हजर व्हायचं, हातात ड्रायव्हिंग लायसन्स पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. टेस्ट २० तारखेला. आई तेरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते आणि ही म्हणते, दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घालू का? हे पेपरमागून म्हणाले, घालू दे की. मी खोल श्वास घेतला आणि दोघांना सांगितलं, काही गरज नाही.

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.
पहिला लेसन. शिकवायच्या गाडीत माझ्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात. फक्त अडीअडचणीला. कन्येला पहिल्यांदाच बजावलं, मी लक्ष घालणार नाही, गाडी तुझी. माझा पाय ब्रेकवर नसतो. ब्रेकच्या वर असतो. फरक आहे.

काय चालवली पोरीने! प्रत्येक सिग्नलला गाडी अलगद उभी. कन्या स्वतःच चकित. म्हणाली, मी नीट दाबला पण नव्हता. म्हटलं, रक्तातच आहे.

५ मार्च, बुधवार.
तोंडाला कुलूप. फक्त "ब्रेक" म्हटलं. चौदा वेळा. ती माहिती आहे, ढवळाढवळ नव्हे.

उजवी पोटरी दुखते. कॅल्शियम कमी झालं असणार. या वयात बायकांनी अंगावर काढू नये असं परवाच ऐकलं. गोळ्या सुरू.

७ मार्च, शुक्रवार.
पोटरी तशीच. नवीन बूट घेतले, मऊ तळाचे.

दुपारच्या लेसनला टायपिस्टबाई. वय बासष्ट, रिटायर्ड. एका मिनिटात किती शब्द टाइप करायच्या हे दर लेसनला सांगतात. तीन टेस्ट दिल्या, तिन्ही नापास. माझ्याबरोबर असताना एक चूक होत नाही आणि तिथे गेल्या की हातपाय गळतात. तो इन्स्पेक्टर माणसाला घाबरवतो. आमच्या स्कूलचे बहुतेक विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नातच पास होतात, त्यालाही तोच कारण. मालकांना मी लेखी कळवलं आहे. तेरा वर्षांत माझ्या गाडीला एक ओरखडा नाही, हे कुणी बघत नाही.

९ मार्च, रविवार. सकाळी ७.
घरात क्रांती! हे आणि कन्या पहाटे उठून फिरायला गेले. मी न सांगता! आमचे हे म्हणजे रिमोट घ्यायला उठायचे तरी आधी सुस्कारा सोडणार. विचारलं तर म्हणाले, तू एवढी बदलायला लागलीस, आपणही जरा हलावं म्हटलं. बघा. एक बाई सुधारली की घर सुधारतं. मीही येते म्हटलं तर दोघं एकदम म्हणाले, तू श्वास घे.

घेतला. पंधरा मिनिटं गॅलरीत बसून. मधे तीनदा उठले. कुंड्या सरळ केल्या.

११ मार्च, मंगळवार.
गाडी सर्व्हिसिंगला नेली. मिस्त्री खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. मग विचारतो कसा, ही गाडी नक्की कुठल्या बाजूने चालवतात? शिकणाऱ्याच्या ब्रेकच्या पेडलचं रबर नवंकोरं, माझ्या बाजूचं झिजून खालचं लोखंड दिसतंय. हल्ली रबराची क्वालिटीच राहिलेली नाही. त्याला तसं सांगितलं. तो मान हलवत हात पुसत बसला.

१३ मार्च, गुरुवार.
कन्येच्या नव्या घरासाठी डबे आणले. प्रत्येकावर लेबल. कुठला डबा कुठल्या फळीवर, त्याचा कागदही केला. ती म्हणाली, बघेन मी. बघणार काय, कागदावर सगळं आहे.

खोलीवर पडदे कसले आहेत कोण जाणे. घरमालकीणबाईंचा नंबर कन्येच्या फोनमध्ये सापडला. फोन केला, नुसती ओळख म्हणून. खिडक्यांची मापं घेतली, नळाला पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण, कन्येला थंडी बाधते. पाऊण तास. फार चांगल्या बाई आहेत. शेवटी शेवटी त्यांना काम होतं.

१४ मार्च, शुक्रवार.
कन्या दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी बोलली ते नको होतं. म्हणाली, त्या बाईंनी मला विचारलं, आई पण राहायला येणार आहे का, तर भाडं बदलेल. म्हणाली, मी सव्वीस वर्षांची आहे, आई, पेशंट मला पाठ सोपवतात.

मी म्हटलं, मी फक्त चौकशी केली. हे म्हणाले, जेवून घ्या आधी.

श्वास घेतला. फार खोल गेला नाही.

१९ मार्च, बुधवार. सकाळी.
टेस्टच्या आधीचा शेवटचा लेसन. चढावर थांबवून परत सुरू केली, मागे एक इंच नाही. कन्या म्हणाली, आई, गाडी आपणहून थांबते असं वाटतं मला, ही भीती वाटते. मी सांगितलं, यालाच सराव म्हणतात.

२० मार्च, गुरुवार. दुपारी १२.
नापास.

माझीच गाडी, पण शेजारी इन्स्पेक्टर. मी कुंपणाबाहेर. पहिल्या पांढऱ्या रेघेला गाडी थांबायला हवी होती, ती रेघ ओलांडून, शंकूसारखे ते दोन प्लॅस्टिकचे खांब पाडून, तिसऱ्याला टेकून उभी राहिली. मग बंद पडली. मग तीनदा बंद पडली. बंपरला ओरखडा. माझा पाय इकडे कुंपणाच्या खालच्या दांडीवर एवढा जोरात होता की दांडी वाकली. चौकीदार बघत होता.

इन्स्पेक्टरने विचारलं, पंधरा दिवस ही गाडी कोण चालवत होतं? उद्धट माणूस. पुढची तारीख २८.

दुपारी ४.
कन्या खोलीत दार लावून बसली आहे. मला फार वाईट वाटतंय. ~~बरं वाटतंय.~~ वाईट वाटतंय. २८ ला झाली नाही तर नोकरी गेली, मग ती इथेच. तिची खोली, तिचा दिवा, सकाळी आंघोळीला तासभर लावणं. मला काय ती जावी असं वाटत नाही असं थोडंच आहे.

मागचं वाक्य पुन्हा वाचलं. राहू दे. कोण वाचतंय.

२१ मार्च, शुक्रवार.
कन्या शांतपणे बोलली. त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणाली, तुझ्या गाडीत मी एकदाही थांबले नाही, आई. दर वेळी तू थांबलीस. मी हसून सांगितलं, माझा पाय ब्रेकवर नव्हता. ती म्हणाली, दाखव.

दाखवायला काय हरकत? मी सीटवर मांडी घालून बसले. दोन्ही पाय वर, पदर खोचून, कार्यशाळेतल्यासारखी. डोळेही मिटणार होते. कोपऱ्यावरचं वळण येईपर्यंत सगळं उत्तम. वळणावर गाडी कचकन थांबली आणि मी बघते तो माझा एक पाय अजून मांडीत आणि दुसरा ब्रेकवर. कधी गेला ते देवालाच ठाऊक. रस्ता पूर्ण रिकामा होता. कन्येचे हात स्टिअरिंगवर, डोळ्यांत पाणी. मग हसायलाच लागली, थांबेना. मीही हसले. मला हसू येत नव्हतं.

२२ मार्च, शनिवार.
कन्या म्हणाली, लेसन बंद. कोणाकडून शिकणार, विचारलं तर म्हणाली, बघते. मी म्हटलं, सहा दिवसांत माझ्याशिवाय कोणी पास करून दाखवावं. ती फिरायला गेली. हेही गेले. फिरण्याचं मात्र दोघांनी मनावर घेतलंय, माझ्या एका गोष्टीचं तरी चीज झालं.

तिच्या नव्या ऑफिसला पत्र लिहिलं : प्रकृतीच्या कारणाने तीन महिने मुदत द्यावी. प्रकृती कुणाची ते लिहिलं नाही. पोस्टात टाकायला यांच्याकडे दिलं.

२५ मार्च, मंगळवार.
यांना विचारलं, पत्र टाकलंत? म्हणाले, पाकिटावर पत्ता नव्हता. पत्ता मी स्वतः लिहिला होता. म्हटलं, दाखवा पाकीट. म्हणाले, हरवलं. एवढा निष्काळजी माणूस. अठ्ठावीस वर्षं सांभाळतेय.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी ७.३०.
बूटही न काढता लिहितेय.

टायपिस्टबाईंना आज मुद्दाम लवकर बोलावलं होतं. खेळाच्या मैदानामागे मोठी मोकळी जागा आहे, तिथे नेलं. तिथे आधीच एक निळी गाडी गोल फिरत होती. ओळखली. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेची. चालवतेय कोण? कन्या. शेजारी कोण? हे! हाताची घडी घालून, खिडकीबाहेर झाडं बघत, बिस्किट खात. झाडं बघत!

जमिनीवर चुन्याची रेघ ओढली होती. कन्या रेघेला थांबली. बरोबर रेघेला. मग निघाली, फिरून आली, पुन्हा थांबली. एकदा गाडी बंद पडली. मी म्हटलं, आता हे ओरडणार. यांनी दुसरं बिस्किट काढलं. तिने आपली आपण सुरू केली. साध्या गाडीत शेजारच्या सीटपुढे काहीच नसतं. नुसती चटई.

चार वेळा थांबली. मी मोजलं. टायपिस्टबाई म्हणाल्या, बाई, आपण का थांबलो? मी तर काहीच दाबलं नाही. मी खाली बघितलं आणि मग वर बघवेना.

सकाळी १०.
यांना जाब विचारला. म्हणाले, माझंही लायसन्स आहे की, लग्नाच्या आधीचं. लग्नानंतर तू एकदा म्हणालीस, तुमच्या गिअरचा आवाज ऐकवत नाही. मग नाही बसलो त्या सीटवर. ९ तारखेपासून कन्येला नेतोय, पण दोन-तीन दिवसच जमलं, तिला तुझ्या गाडीतली सवय जाईना. आता सुटली. मी विचारलं, तुम्ही शिकवता काय तिला? म्हणाले, काहीच नाही. मी बसतो.

मी टेबलावरचा पेपर सरळ केला.

असं मी खरंच म्हटलं होतं का? मला आठवत नाही. म्हटलं असेन.

२८ मार्च, शुक्रवार.
पास. मी गेले नाही. जाऊ नको असं कुणी म्हटलं नाही, मीच म्हटलं. सकाळभर घरात फिरत होते, या खोलीतून त्या खोलीत, पडदे झटकले, झटकलेले पुन्हा झटकले. फोन वाजला तेव्हा हातातली बादली पायावर. कन्येने आधी मला फोन केला. यांना नंतर. हे तिच्यासमोरच उभे असताना तिथून यांना काय फोन करणार, ते वेगळं. पण आधी मला.

मग मी तिच्या खोलीत जाऊन बसले आणि रडले. ती चाललीय. मला ती जायला नकोय. एवढंच होतं सगळं. कार्यशाळेच्या बाईंना हे विचारायला हवं होतं.

३० मार्च, रविवार. सायंकाळी ५.
हे लिहितेय कन्येच्या नव्या स्वयंपाकघरात. खिडक्यांना पडदे आहेत. आधीपासूनच होते.

सकाळी शिक्षिकेची निळी गाडी घेऊन निघालो. कन्या चालवणार, परत येताना हे. मी ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही, फक्त वहीत टिपायचं. वहीत रकाने पाडले : सिग्नल, वळण, ब्रेक, इतर. कन्या म्हणाली, आई, मागे बस. उशी घेऊन बसले. गावाबाहेरच्या पुलापर्यंतचं आठवतं.

जाग आली तेव्हा गाडी झाडाखाली उभी होती. काच दोन बोटं खाली. अंगावर कन्येची शाल. डिकी रिकामी. सगळं सामान तिसऱ्या मजल्यावर नेऊन झालं होतं, डबेसुद्धा. वर गेले तर बापलेक चहा पीत होते. डबे भलत्याच फळीवर. लेबलं भिंतीकडे.

हे म्हणाले, वाटेत कुत्रं आडवं आलं, हिने असा ब्रेक मारला की मी डोकं आपटून घेतलं, तुला पत्ता नाही. कन्या म्हणाली, चार तास तू हललीही नाहीस, दोनदा थांबून बघितलं मी, श्वास घेतेयस ना.

मग तिने विचारलं, कशी चालवली मी? इतक्या आशेने. मी वही उघडली. चारही रकाने कोरे. तेरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं की मला सांगायला एक चूक नाही. म्हटलं, छान चालवलीस.

कन्या म्हणाली, आई, तू तर झोपली होतीस.

मी म्हटलं, हो, म्हणूनच म्हणतेय.