रिफंडचं बटण

लिव्हरपूलच्या ट्रेनमध्ये,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय नीनू,

खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. तू नीट जेवतेस ना? ऑपरेशन गुरुवारी आहे, आत्तापासून उपास नको.

सकाळचं बेलफास्टचं विमान रद्द झालं. स्वस्तातली कंपनी. फोनवर एक ओळ सॉरी आणि खाली दोन बटणं: दुसरं विमान किंवा रिफंड. मी रिफंड दाबलं.

तनिषाला कळवलं. आमची सूनबाई लंडनच्या ईलिंगमध्ये जन्मलेली, तिचं व्याकरण तिचंच. ओरडली, "आई! त्यांनी तुम्हाला दुसरी विमान द्यायलाच पाहिजे, दुसऱ्या कंपनीची पण! इट्स युअर राइट!"

काउंटरवर गेले. तिथली मुलगी म्हणाली, रिफंड घेतलात, आता तुम्हाला पोचवायची जबाबदारी आमची नाही. मी उलट तिचीच माफी मागितली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवतात? "गर्ल्स, नेव्हर बी अ न्यूसन्स."

तनिषाला सांगितलं, चष्मा नव्हता, बोट चुकलं. तुलाही तोच मेसेज केला.

नीनू, चष्मा नाकावर होता.

बटण दाबल्यावर मला हायसं वाटलं. तू दार उघडशील आणि त्या दिवशीसारखीच बघशील, याची भीती होती. हरीश गेला, तू एकटी पडलीस, आणि त्याच्या तेराव्याआधीच मी निघाले, नातवाच्या वाढदिवसासाठी. तू म्हणालीस, "पाहुण्यासारखी आलीस, ताई." मी बूट घालता घालता म्हटलं, "जाते." आपल्या घरात असं कुणी म्हणत नाही. आई असती तर मला आत बोलावून, पाणी पाजून, पुन्हा नीट निघायला लावलं असतं. तू बोलावलं नाहीस. मी वळले नाही. चार वर्षं झाली.

आणि शुक्रवारी तुझा फोन. "हॉस्पिटलच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव हवंय. तुझं लिहू?" मी हो म्हटलं आणि घाईघाईने विमानाच्या वेळा सांगत बसले.

विमानतळाच्या बाकावर तो फॉर्म डोळ्यांपुढून हलेना. माझं नाव लिहून तू एकटीच आत गेलीस तर? उठले, तशीच यूस्टन स्टेशनला आले, ही ट्रेन पकडली. आता लिव्हरपूलहून बोट, उद्या सकाळी बेलफास्ट. बोटही रद्द झाली तर? काउंटरसमोर बसून राहीन. दुसरीत बसवतील तेव्हाच उठेन. होऊ दे न्यूसन्स.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, दारातच हातात देईन. आधी वाच. मग वाटलं तर दार लाव, मी पायरीवर बसेन.

येते,
ताई