खाटेवरची तालीम

भामरागड तालुका
५ जून

सौ. कमळास,

देवाच्या कृपेने मी ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? धानाचे पऱ्हे टाकले का? पावसात इथला रस्ता तुटतो, टॉवरही बंद पडतो. फोन लागला नाही तर घाबरू नकोस. आमच्या आरोग्य उपकेंद्रात हिवतापाच्या गोळ्या, सर्पदंशाची इंजेक्शनं, चार महिन्यांचा साठा आला आहे. त्याच गाडीने हे पत्र पाठवतो.

आज रोग्याला खाटेवरून नाल्यापलीकडे नेण्याची तालीम झाली. रोगी मीच! गावची आशा सेविका निशा ओरडली, "भाऊ, हसू नका, खाट डुलून राह्यली!"

मला धास्ती वेगळीच होती. गावदेवाला विचारल्याशिवाय इथे रोगी शिवेबाहेर नेत नाहीत. पुजारी पत्रूभाऊ रानात असले, तर ते येईपर्यंत थांबतात. गेल्या पावसाळ्यात तापाने फणफणलेलं एक लेकरू असंच अर्धा दिवस थांबलं होतं. थोडक्यात वाचलं.

आजही शिवेवर खाट थांबली. पत्रूभाऊंनी देवापुढे तांदूळ ठेवले, बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "भाऊ, पुरात विचारायले कोन थांबन? मी दिवाळीपर्यंतचं आजच विचारून घेतलं. देव हो म्हणते. आता तू फक्त हाक दे."

कमळे, पडल्यापडल्याच माझे हात जोडले गेले. चौघांनी खाट उचलली आणि वीस मिनिटांत मला सडकेवर नेऊन ठेवलं.

आपल्या देवापुढे साखर ठेव. घरी सगळ्यांना राम राम.

तुझा,
नथ्थू